पात्याचं पाणी : हातघडणीची सुरी कशी पारखावी?

(कॅडेट, इयत्ता दहावी)

आपल्या शाळेत चकाकीला फार मान आहे. बुटात तोंड दिसलं पाहिजे, बेल्टचं पितळ ब्रासोनं लखलखलं पाहिजे, नाहीतर उस्ताद ग्राउंडला दोन फेऱ्या जास्त मारायला लावतात. पण एक वस्तू अशी आहे की तिची परीक्षा चकाकीवरून केली तर हमखास फसगत होते. ती म्हणजे लोहारानं हातानं घडवलेलं पातं. मग ती स्वयंपाकघरातली सुरी असो, ऊस तोडायचा कोयता असो, नाहीतर गोरखा जवानाची खुकरी असो.

आपलं बिजौली झाशीहून ललितपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. या भागात अधूनमधून गाडिया लोहारांची पालं पडतात. चितोड पडल्यावर आपल्या पूर्वजांनी घर सोडलं, असं ही मंडळी सांगतात. महाराष्ट्रात हेच काम घिसाडी करतात. आमच्या वर्कशॉपच्या उस्तादांनी मागच्या हिवाळ्यात आम्हा सहा जणांना अशाच एका पालावर नेलं होतं. तिथे जे पाहिलं, उस्तादांनी जे शिकवलं आणि सुट्टीत घरी आजोबांच्या खुकरीवर जे पडताळून पाहिलं, ते इथे मांडतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. होस्टेलमध्ये कुठलंही पातं ठेवायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पुढच्या सगळ्या परीक्षा घरी, मोठ्यांच्या समोरच करायच्या.

किंमत दोन प्रकारची असते

हातघडणीच्या पात्याला दोन किमती असतात. पहिली कामाची : पातं किती चांगलं कापतं, धार किती टिकते, किती वर्षं जातं. दुसरी नावाची : कोणी घडवलं, कोणाच्या हातात होतं, त्याला पुरावा काय. नवी वस्तू घेताना पहिली किंमत बघायची. पुन्हा विकायला काढली की दुसरी किंमत पुढे येते. बहुतेक लोक या दोन्ही सोडून तिसरंच काहीतरी बघतात, ते म्हणजे दिसणं.

लोखंड की पोलाद?

पहिला प्रश्न धातूचा. साध्या लोखंडी सळईत कार्बन फार कमी, साधारण पाव टक्क्याहूनही कमी असतो. तिला कितीही तापवून पाण्यात बुडवा, ती म्हणावी तशी कडक होत नाही. पात्याला साधारण अर्धा ते एक टक्का कार्बन लागतो. म्हणूनच लोहार ट्रकचे जुने पाटे शोधत असतात. पाट्याच्या पोलादात अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो आणि ते लवचीकही असतं. नेपाळमध्येही खुकऱ्या मोठ्या प्रमाणावर याच पाट्यांपासून बनतात. बेअरिंगच्या पोलादात कार्बन सुमारे एक टक्का असतो, त्याची धार जास्त टिकते, पण ते घडवायला अवघड.

घेणाऱ्यानं लोहाराला सरळ विचारावं, "माल कुठला?" चांगला लोहार लगेच सांगतो. पालावरच्या चाचांनी पाट्याचा तुकडा ग्राइंडरला लावून दाखवला. ठिणग्या उडाल्या आणि प्रत्येक ठिणगी पुढे जाऊन फुलबाजीसारखी फुटली. मग त्यांनी सळई लावली. तिच्या ठिणग्या लांब, सरळ गेल्या, फुटल्याच नाहीत. जितका कार्बन जास्त, तितक्या ठिणग्या जास्त फुटतात.

आता स्टीलबद्दल. गंज न धरणाऱ्या स्टीलमध्ये साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असतं. ते वाईट नाही, पण ते नीट कडक करायला भट्टीचं तापमान अचूक राखावं लागतं. रस्त्यावरच्या भात्याला ते साधत नाही. म्हणून कोळशाच्या भट्टीवरच्या लोहाराकडून साधं कार्बन पोलाद घ्यावं आणि त्याला तेलाचा हात लावत जावा.

खरा जीव पाण्यात

धातू चांगला असला तरी अर्धंच काम झालं. पात्याचा जीव त्याला दिलेल्या पाण्यात असतो. मराठीत आपण पात्याला "पाणी देणं" म्हणतो. पोलाद लालभडक तापवून एकदम थंड केलं की ते कडक होतं. किती तापवायचं? साधारण ७७० अंश सेल्सियसला पोलादाला लोहचुंबक चिकटेनासा होतो. त्याच्या थोडं वर गेलं की पाणी द्यायची वेळ झाली. कारखान्यात यंत्र तापमान दाखवतं. चाचा फक्त रंग बघत होते. त्यासाठीच ते सावलीत भट्टी लावतात, उन्हात रंग कळत नाही.

पण नुसतं कडक केलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, खाली पडलं तर तुकडा उडेल. म्हणून त्याला पुन्हा थोडी ऊब द्यावी लागते, साधारण २०० अंशांच्या आसपास. चाचांची पद्धत बघण्यासारखी होती. लाल पात्याची फक्त धारेची बाजू त्यांनी पाण्यात धरली. पाठ लालच ठेवली. बाहेर काढून धार दगडावर घासून पांढरी केली आणि थांबले. पाठीची उष्णता हळूहळू धारेकडे सरकली आणि पांढऱ्या पट्टीवर रंग चढत गेला, आधी वाळक्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी. पिवळा गेला आणि तपकिरी आला तेव्हा त्यांनी अख्खं पातं पाण्यात घातलं. जांभळा आणि निळा येऊ दिला असता तर धार मऊ झाली असती. हे सगळं मोजून अर्ध्या मिनिटात झालं. त्यांच्या घरातल्या काकू समोर उभ्या राहून घण मारत होत्या. त्यांनीही तो रंग आमच्या आधी ओळखला.

खुकरीलाही असंच पाणी देतात. नेपाळचे लोहार किटलीतून फक्त धारेवर पाण्याची धार सोडतात. त्यामुळे धार कडक आणि पाठ चिवट राहते. लाकडावर घाव बसला की धार कापते आणि पाठ धक्का झेलते.

हे पाणी डोळ्यांना दिसत नाही. दोन सुऱ्या शेजारी ठेवल्या, एकीला नीट पाणी दिलेलं आणि दुसरीला नाही, तर दोन्ही सारख्याच दिसतील. म्हणून परीक्षा लागते.

हातात घेऊन काय पाहावं?

१. कानस. बारीक कानस धारेजवळ अगदी हलकी फिरवावी. कडक पात्यावर कानस घसरते, मऊ पात्याला खाते. पाठीवर ती थोडी खाल्ली तर हरकत नाही, उलट चांगलं. विकत घेण्याआधी मालकाला विचारूनच हे करायचं.

२. सरळपणा. रायफलची नळी बघतो तसं एक डोळा मिटून मुठीकडून टोकाकडे बघा. पातं कुठे वळलेलं असेल तर लगेच दिसतं.

३. उतरती जाडी. पाठीची जाडी मुठीपाशी जास्त आणि टोकाकडे कमी होत गेली पाहिजे. पत्रा कापून केलेल्या पात्याची जाडी शेवटपर्यंत एकच राहते. हातानं घडवल्याची ही मोठी खूण. तोलही त्यामुळेच येतो.

४. धारेवरचा उजेड. धार वर करून दिव्याखाली धरा. नीट लागलेली धार दिसतच नाही. जिथे पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो, तिथे ती बोथट आहे किंवा खांड पडली आहे.

५. मूठ. पात्याची शेपटी मुठीत किती आत गेली आहे ते विचारा. दोन बाजूंनी लाकूड लावून रिबिटं मारलेली मूठ सगळ्यात खात्रीची. खुकरीत बारीक शेपटी लाखेनं बसवतात, तीही चांगली टिकते, पण हलवून बघावी. खुट् असा आवाज आला तर लाख सुटली आहे. मुठीचं लाकूड आणि धातू यांच्यात नखही जाता कामा नये, तिथेच पाणी मुरून गंज सुरू होतो.

६. कापून बघणं. वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापा. फाटला तर नापास. मग पिकलेला टोमॅटो, दाब न देता. त्यानंतर एक जाड दोर वीस-पंचवीस वेळा कापून पुन्हा तोच कागद. पहिल्यांदा सगळ्याच सुऱ्या पास होतात, खरा निकाल दुसऱ्या कागदाला लागतो.

या शेवटच्या परीक्षेचं एक मोठं रूप अमेरिकेत आहे. विल्यम मोरन आणि त्यांच्या साथीदारांनी १९७६ साली अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन केली. तिथे पहिल्या पायरीच्या लोहाराला आपणच घडवलेलं पातं घेऊन चार गोष्टी कराव्या लागतात. एक इंच जाडीचा लोंबता दोर एका घावात तोडायचा, इमारती लाकडाची फळी दोनदा तोडायची, त्यानंतर त्याच धारेनं हातावरचे केस काढून दाखवायचे आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून काटकोनात वाकवायचं. ते मोडलं तर नापास. पातं संपतं, पण लोहाराला नाव मिळतं. त्या नावावर त्याच्या पुढच्या सुऱ्या विकल्या जातात.

नक्षीच्या पात्याचं वेड

आजकाल लाटांसारखी नक्षी असलेल्या "दमास्कस" सुऱ्यांची मोठी हौस आहे. दोन प्रकारच्या पोलादाचे थर एकमेकांवर ठेवून, तापवून, ठोकून जोडतात आणि शेवटी आम्लात बुडवतात. एक थर काळा पडतो, दुसरा चमकतो, त्यातून नक्षी उठते. काम कष्टाचं आहे. पण बाजारात नुसती वरून उठवलेली नक्षीही मिळते. ओळखायचं कसं? पाठीकडे बघा. खरे थर पाठीवरून आणि धारेपर्यंत चालू दिसतात. खोटी नक्षी कडेला येऊन थांबते.

आपल्या देशाचं जुनं नक्षीदार पोलाद याहून वेगळं होतं. दक्षिण भारतात मुशीत लोखंड आणि कोळसा बंद करून वूट्झ पोलाद तयार करत आणि त्याच्या पात्यावर नक्षी धातूच्या आतूनच येई. ते जगभर जात होतं. पण लक्षात ठेवा, नक्षी असली म्हणून धार चांगली असतेच असं नाही. तिथेही पाणी नीट दिलेलं असावंच लागतं.

विकायला काढल्यावर

इथून नावाची किंमत सुरू होते. ऊसतोडीच्या हंगामात नवरा-बायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणून मोजतात, इतकं ते हत्यार त्यांच्या पोटाशी जोडलेलं आहे. चांगल्या पाण्याचा कोयता त्यांच्यासाठी फार मोलाचा. पण तोच कोयता दोन हंगामांनी विकायला नेला तर भंगाराचा भाव मिळेल. काम संपलं, किंमत संपली.

आता दुसरं टोक पाहा. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावात नागपूरकर भोसले घराण्याचे पहिले रघुजीराजे यांची तलवार महाराष्ट्र शासनानं मिळवली. सगळा खर्च धरून ४७.१५ लाख रुपये लागले. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिचं पातं युरोपात बनलेलं आहे. तशी युरोपी पाती त्या काळी आपल्याकडे बऱ्याच जणांकडे होती. मग इतकी किंमत कशाची? पात्याच्या पाठीवर सोन्यानं देवनागरीत रघुजीराजांचं नाव आणि पदवी कोरलेली आहे, त्याची. टिपू सुलतानाची तलवार २०२३ मध्ये लंडनमध्येच १ कोटी ४० लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली. ती १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईनंतर जनरल बेअर्ड यांना दिली गेली, ही साखळी कागदावर होती.

साखळी तुटली तर काय होतं, याचंही उदाहरण आपल्या जवळचं आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली. ती साताऱ्याला असलेल्या जेम्स ग्रँट डफकडे आली होती आणि तसा लेख त्यांच्या पेटीवर आहे. पण अफझलखानाच्या प्रसंगापासून डफपर्यंतची मधली दीडशेहून अधिक वर्षं कागदानं जोडता येत नाहीत. म्हणून ती महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री करता आली नाही, असं खुद्द म्युझियम सांगतं. आपली श्रद्धा आपल्यापाशी, पण पारख करणारा पुरावाच मागणार.

आजोबांची खुकरी

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. आजोबा फौजेत होते. त्यांच्या पेटीत एक खुकरी होती. दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले. घराच्या डागडुजीला पैसे हवे होते, म्हणून काकांनी इतर जुन्या वस्तूंबरोबर तीही विकायचं ठरवलं. एका दुकानदारानं ८०० रुपये सांगितले आणि वर सल्ला दिला, "बफ मारून चकचकीत करून आणा, दोनशे जास्त देतो."

मी काकांना म्हटलं, "मला चार दिवस द्या." उस्तादांनी शिकवलेलं एकेक करून बघितलं. पाठ मुठीपासून टोकाकडे उतरत गेलेली. कानस धारेवर घसरली, पाठीवर थोडी लागली, म्हणजे पाणी फक्त धारेला दिलेलं. म्यानात खुकरीबरोबर असणाऱ्या दोन्ही छोट्या सुऱ्या, कर्दा आणि चकमक, जागेवर होत्या. बहुतेक खुकऱ्यांतून त्या हरवतात, आणि हरवल्या की भाव उतरतो. पात्यावर राखाडी झाक होती. ती लाल गंजासारखी पातं खात नाही, वर्षानुवर्षं तेलाचा हात लागून बसते. ती वय सांगते आणि जपतेही. बफ मारला असता तर ती झाक, लोहाराची बारीक खूण आणि हातोड्याच्या पुसट खुणा, सगळं एका झटक्यात गेलं असतं. आपलं ब्रासो इथे शत्रू आहे.

मग आजीनं पेटीच्या तळातून एक पत्र काढलं. आजोबांच्या गोरखा मित्रानं १९७२ साली हिंदीत लिहिलेलं. त्यात ही खुकरी आपल्या गावच्या लोहारानं केली असं लिहिलं होतं आणि त्या लोहाराचं नावही होतं. पत्रासकट दाखवल्यावर त्याच दुकानदारानं ४,००० रुपये सांगितले. पातं तेच होतं, ग्रॅमभरही वाढलं नव्हतं.

काकांनी पत्र दोनदा वाचलं. मग त्यांनी डागडुजीसाठी सोसायटीचं कर्ज काढलं आणि खुकरी परत पेटीत गेली. पत्र आता प्लास्टिकच्या पिशवीत घालून, आजोबांच्या पलटणीच्या फोटोबरोबर त्याच पेटीत ठेवलं आहे.

यातून घरोघरी करण्यासारख्या गोष्टी इतक्याच : जुन्या पात्याला पॉलिश करू नका, फक्त कोरड्या फडक्यानं पुसून पातळ तेल लावा. मूळ मूठ आणि म्यान बदलू नका. पातं कातडी म्यानात कायमचं ठेवू नका, कातडं दमट हवा धरून ठेवतं. आणि वस्तू कोणाची, कधी, कुठून आली ते घरातल्या मोठ्यांना विचारून कागदावर लिहून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे होतं.

कायदा

शस्त्रांच्या नियमांप्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत मोडतात. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यात येत नाहीत. सरकारनं तशी अधिसूचना काढलेल्या भागात त्यांना परवाना लागतो, म्हणून मोठं पातं घेण्याआधी पोलीस ठाण्यात चौकशी करावी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची मूठ विकणं-घेणं वन्यजीव कायद्यानं बंद आहे, "जुनी आहे" असं दुकानदार म्हणाला तरी घेऊ नका. शिसवी लाकूड किंवा म्हशीचं शिंग यांनी काम उत्तम होतं.

शेवटचं सांगणं

पालावर त्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं होतं. चाचांनी विळ्याचे १५० रुपये सांगितले. गिऱ्हाईक म्हणालं, "बाजारात चकचकीत चाकू शंभराला मिळतो," आणि निघून गेलं. त्यानं ना माल विचारला, ना धार उजेडात धरली. चाचा काही बोलले नाहीत. काकूंनी घण खाली ठेवला आणि पाण्याचा घोट घेतला. चाचांचा मुलगा आपल्याच वयाचा आहे. तो आता भात्यावर बसत नाही, एका गॅरेजमध्ये कामाला जातो. रंग बघून पाणी देणं त्याला येतं, पण त्याचे पैसे कोणी देत नाही.

पारख करणारे कमी झाले की चांगले कारागीर टिकत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी आई-बाबांबरोबर सुरी घ्यायला गेलात तर आधी पाठ बघा, मग धार उजेडात धरा, मग विचारा, "माल कुठला? पाणी कसं दिलं?" आणि उत्तर बरोबर आलं तर घासाघीस करू नका.